स्पेनचं दुखणं

प्रिय नुबे,

हे पत्र ओल्गा घेऊन येतेय. गुरुवारी तिचं विमान आहे. शनिवारपर्यंत ती स्पेनला, मुर्सियात पोचेल आणि सामान उतरवायच्या आधी तुझ्याकडे येईल, असं तिनं कबूल केलंय. तिच्या बॅगेत तुझ्यासाठी सातूच्या पिठाची पिशवीही आहे, पण पीठ हे नुसतं निमित्त. आधी एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे लहानपणी करायचीस तसं शेवटचं पान आधी उलटून बघणार नाहीस. यादिरा जिवंत आहे. आत्ता माझ्यासमोर अंगणात भिंतीला पाठ टेकून उन्हात बसलीय. मांडीवर कोंबडीचं पिल्लू आहे. डोक्यामागचे केस काढलेत, तिथले टाके सुकत आलेत. मी लिहितेय ते ती बघतेय. गेल्या रविवारी तू फोनवर ओरडलीस, ‘ताई, खरं सांग, माझी पोर आहे ना? आहे ना गं ती?’ तेव्हाही मी ‘आहे’ म्हटलं ते खरंच होतं. पण सगळं खरं मी सांगत नव्हते, आणि ते तुला सात समुद्रांपलीकडे बरोबर ऐकू आलं.

फोनवर मला हे जमत नाही. लुचोच्या दुकानातल्या त्या काचेच्या खोलीत उभी राहिले की बाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्या बायका माझं तोंड वाचत बसतात. शिवाय तुझा आवाज आला की माझ्या तोंडून एकतर तुला बरं वाटेल ते निघतं, नाहीतर तुला झोंबेल ते. मधलं काही निघतच नाही. आपलं दोघींचं पहिल्यापासून असंच. कागदावर तू मला मध्येच तोडू शकत नाहीस आणि मला फोन आपटता येत नाही. तेव्हा शांतपणे वाच. बसून वाच. तू सांभाळतेस त्या म्हातारीला चहाबिहा देऊन झोपव आणि मग वाच.

सप्टेंबरातली जत्रा झाली त्याच आठवड्यात पहिल्यांदा तिचं डोकं दुखलं. उजाडता उजाडता उठली, दोन्ही हातांनी मानेच्या वर, मागच्या बाजूला धरून बसली आणि रडायला लागली. मग उलटी झाली. पित्ताची नाही, नुसतं पाणी, आणि अशी जोरात की समोरच्या भिंतीवर गेली. मी घाबरून पाण्याचं भांडं घेऊन येईपर्यंत बाईसाहेब म्हणतायत, ‘मावशी, मका उकडलायस का?’ खाल्लं, शाळेत गेली, दुपारी उड्या मारत परत आली. मी म्हटलं, जत्रेत काहीतरी अरबट चरबट खाल्लं असणार. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग आठवड्यातून दोनदा, मग रोजच. नेहमी सकाळी, नेहमी उठल्या उठल्या, आणि दहा वाजले की जसं काही झालंच नाही. सहा वर्षांची पोर, रोज शाळेच्या वेळेला डोकं दुखतं आणि शाळेची वेळ टळली की थांबतं. मला काय वाटणार? एकदा मी तिचा कान पिरगळला, नुबे. ‘नाटकं बंद कर’ म्हणाले. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. पण मग रविवारीही दुखायला लागलं, नाताळच्या सुट्टीतही दुखायला लागलं, तेव्हा नाटक नाही एवढं कळलं.

आरोग्य केंद्रात तेव्हा जो डॉक्टर होता त्यानं पोट दाबून बघितलं आणि जंताचं औषध दिलं. पण खरं निदान केलं ते सेगुंदो गुरुजींनी. मला शाळेत बोलावून बाकावर बसवलं आणि म्हणाले, ‘लिओनोरबाई, घाबरू नका. स्पेनचं दुखणं आहे हे. माझ्या वर्गात बावीस पोरं, त्यातली चौदा तुमच्या यादिरासारखी, आईबाप स्पेनला कामाला गेलेली. कुणाचं पोट दुखतं, कुणी अंथरूण ओलं करतं, तो आनिबालचा थोरला तर बोटं रक्ताळेपर्यंत नखं खातो. आई आली की एका दिवसात ठणठणीत होतात.’ तू गेलीस तेव्हा हा शब्द आपल्याकडे नव्हता. आता सर्दी-पडसं म्हणावं तसं लोक म्हणतात. दुकानात म्हणतात, चर्चच्या पायरीवर म्हणतात. पाद्रीबाबा रविवारी त्या पोरांसाठी वेगळी प्रार्थना करतात आणि आम्ही सगळ्या मावश्या, आज्या, आत्या मान खाली घालून ‘आमेन’ म्हणतो. अख्खं गाव एका सुरात सांगत असताना मी कोण लागून गेले वेगळं समजणारी? आणि खोटं कशाला बोलू, मला ते पटलंच होतं.

मग आठवणीवरचे जे काय उपाय असतात ते सगळे केले. तुझा निळा ब्लाउज, जो मी धुतला नव्हता, तो तिच्या उशीखाली ठेवला. तुझा फोटो आधी भिंतीवर लावला, मग कुणी म्हणालं फोटोनं वाढतं, म्हणून काढला. उतारे करणाऱ्या क्लारिसा आजीकडे दोन मंगळवार आणि दोन शुक्रवार नेलं. आजीनं सतापाच्या काड्यांनी झोडपलं, तोंडात दारू घेऊन फुर्रकन अंगावर उडवली (यादिरा त्यावर इतकी हसली की आजी रागावली), आणि मग डोक्यापासून पायापर्यंत अंडं उतरवलं. पेल्यात फोडलं तर पांढऱ्या बलकाचे धागे वर आले. आजी म्हणाली, ‘बघ, ही वाट. समुद्रावरून जाणारी. पोरीचा जीव हिच्यावर अर्ध्यात उभा आहे.’ मी ढसाढसा रडले. आता वाटतं, कुठलंही अंडं पाण्यात फोडलं तरी धागे येतातच की. रोज अंडी फोडणाऱ्या बाईला हे कळू नये?

आणि आता टोपीचं सांगते. हे वाचताना तू मला शिव्या दिल्यास तरी चालतील. तिच्या वाढदिवसाला मी तिच्यासाठी गवताची टोपी विणली होती, बारीक, चांगल्या विणीची. व्यापाऱ्याला दाखवली असती तर त्यानं हातातून सोडली नसती. ऑक्टोबरपासून ती टोपी तिच्या डोक्यावर वाकडी बसायला लागली. डावीकडे कलायची. रोज सकाळी दारात उभी करून मी ती सरळ करायची आणि ती दहा पावलं जाईपर्यंत पुन्हा डावीकडे. मला वाटलं, माझाच काठ एका बाजूनं ओढला गेलाय. उसवली, पुन्हा विणली. पुन्हा वाकडी. चाळीस वर्षं टोप्या विणतेय मी. नुसत्या नजरेनं डोक्याचं माप सांगते, असा गावात लौकिक. आणि मला हे दिसलं नाही की टोपी सरळच आहे, मान वाकडी आहे. पोर मान एका बाजूला टाकून चालत होती, कारण तशी टाकली की तिला जरा बरं वाटत होतं. चालताना भिंतीला हात लावत जायची. आम्ही म्हणायचो, कसली नखरेल झालीय.

आता फोनचं. तुला आठवतंय, दर रविवारी अकराला मी तिला घेऊन लुचोकडे यायची. नोव्हेंबरात काय व्हायला लागलं की तुझा आवाज ऐकला की ती रडायची, आणि रडता रडता डोकं धरायची, आणि काचेच्या खोलीतच उलटी करायची. लुचो बिचारा काही न बोलता फडकं घेऊन यायचा. बाहेरच्या बायका कुजबुजायच्या, ‘बघा गं, आईचा आवाज ऐकला की कसं होतं लेकराला.’ डोळ्यांसमोर पुरावा होता, नुबे. आणि मग नाताळच्या फोनवर मी तुला ते बोलले. ‘तुझ्यामुळं तुझी पोर आजारी आहे. बाहुल्या पाठवून पोरं बरी होत नसतात.’ मला तुझा श्वास ऐकू येत होता आणि मागं त्या म्हातारीचा टीव्ही. मग तू म्हणालीस, ‘ताई, फोन ठेवते.’ त्या दिवशी घरी जाताना मला कसं वाटत होतं माहीत आहे? आपण योग्य तेच केलं, असं.

नंतर तू दर रविवारी फोन करत राहिलीस आणि मी दर रविवारी सांगत राहिले की तिला ताप आहे, ती झोपलीय, ती मैत्रिणीकडे गेलीय, लाइन खराब आहे. आठ रविवार. मी तिला शेजारी रोसाकडे ठेवून एकटीच यायची. तुझ्या आवाजानं तिला त्रास होतो, तर तो आवाजच बंद करावा, जखमेवरून हात काढावा तसं, असं मी स्वतःला समजावलं होतं. गावातल्या कुणालाही विचार, त्यांनी हेच केलं असतं. पण मी तिला काय सांगत होते, ते तुला माहीत नाही. ते शेवटी लिहीन.

फेब्रुवारीत आरोग्य केंद्रात नवी डॉक्टर आली, विवियाना नावाची. शिक्षण झाल्यावर एक वर्ष खेड्यात काढावं लागतं, तसली. किनाऱ्यावरची. अंगात स्वेटरवर स्वेटर, तरी कुडकुडणारी, बोलणं असं भराभर की अर्धे शब्द गिळून टाकते. सगळे म्हणायचे, आली आणखी एक किनाऱ्यावरची माकडीण, हिला आपली दुखणी काय कळणार. मी खरं तर माझ्या बोटासाठी गेले होते, गवताची काडी आत मोडली होती. यादिरा बरोबर होती. डॉक्टर माझ्या बोटाकडे बघेचना. पोरीकडे बघत बसली. म्हणाली, ‘हिची मान कधीपासून अशी?’ मी म्हटलं, ‘कशी?’ मग तिनं फरशीच्या रेघेवरून तिला चालायला लावलं, टाचेला अंगठा लावून. तिसऱ्या पावलाला यादिरा पडली. हसत उठली, पुन्हा पडली. मग डॉक्टरनं खोलीत अंधार करून एका दिव्यानं तिच्या डोळ्यांत खूप वेळ बघितलं आणि दार उघडून मला विचारलं, ‘डोकं दुखतं का हिचं?’ मी तिला नीट समजावून सांगितलं. आई स्पेनला आहे, आपल्याकडे पोरांना असं होतं, आठवणीनं दुखतं. ‘केव्हा दुखतं?’ सकाळी, म्हटलं. ‘रोज सकाळीच?’ रोज. ‘आणि उलटी झाली की थांबतं?’ हो. तर ती मला म्हणाली, ‘मावशी, आठवण काय घड्याळ बघून येते का?’

मला राग आला. इतका राग आला की मी पोरीचा हात धरून निघालेच. ही कालची पोरगी, हिला आई दूर असणं म्हणजे काय ते माहीत तरी आहे का? ती माझ्या मागं अंगणापर्यंत स्वेटर सावरत पळत आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, ‘हात जोडते, मावशी. माझ्यावर नंतर रागवा. आज हिला क्वेंकाला न्या. उद्या नाही, आज. मी येते बरोबर.’ आणि खरंच आली. बसमध्ये तिलाच घाट लागला, ती खिडकीतून ओकत होती आणि यादिरा तिची पाठ चोळत होती.

क्वेंकाच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी तिचा डोक्याचा फोटो काढला. सर्जन म्हातारा आहे, हळू बोलणारा. त्यानं मला काचेवर लावून दाखवलं. मेंदूच्या मागच्या खालच्या बाजूला, जिथून तोल सांभाळला जातो म्हणे, तिथं लिंबाएवढी पाण्याची पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेली एक छोटी गाठ. म्हणाला, ‘बाई, गाठ साधी आहे. वाईट जातीची नाही, पसरत नाही. पण जागा वाईट आहे. पाणी जायची वाट तिनं अडवलीय.’ आत पाणी तुंबतं, आडवं झोपलं की जास्त, म्हणून सकाळी दुखायचं. मी त्याला विचारलं, तिनं आईची फार आठवण काढली म्हणून झाली का ही? त्यानं हसावं असं मला वाटत होतं, पण तो हसला नाही. त्याच्याकडे आमच्यासारख्या पुष्कळ येत असतील. म्हणाला, ‘आठवणीनं गाठ होत नाही. ही कदाचित तिची आई इथं होती तेव्हापासूनच असेल, हळूहळू वाढत.’ मग मी रडण्याचं विचारलं. ‘रडताना जोर पडतो, म्हणून दुखतं. हसली तरी दुखेल, खोकली तरी दुखेल.’ आणि मला एकदम आठवलं, जत्रेत तो बैलाचं सोंग घेतलेला नाच्या पाद्रीबाबांवर जाऊन पडला तेव्हा ती खदाखदा हसली होती आणि हसता हसता तिनं डोकं धरलं होतं. क्लारिसा आजीकडेही दारू उडाल्यावर हसली तेव्हा तेच. ते आम्ही कुणी मोजलंच नाही. तू रडवलंस तेवढंच मोजलं.

तू जाताना माझ्या नावानं मुखत्यारपत्र करून दिलं होतंस, त्याच्या जोरावर ऑपरेशनच्या कागदावर मी सही केली. तुला फोन केला तेव्हा तू फक्त एवढंच विचारलंस, ‘ती घाबरलीय का?’ ती घाबरली नव्हती. केस काढताना आरशात बघून म्हणाली, ‘मी सेगुंदो गुरुजींसारखी दिसतेय.’ सहा तास लागले. संध्याकाळी सर्जननं बाहेर येऊन सांगितलं, सगळी गाठ निघाली, काही उरलं नाही. मी त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. यादिरा शुद्धीवर आली, पाणी मागितलं, ‘माझे बूट कुठायत?’ म्हणाली. ऑपरेशनचं इथपर्यंत मी तुला फोनवर सांगितलंय.

यापुढचं नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून ती बोलायची थांबली. मी म्हटलं दमली असेल. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. हाक मारली तर कधी बघते, कधी बघत नाही. भूक लागली की कुंई कुंई करते. हात थरथरतात, चमचा तोंडापर्यंत जात नाही, उभी केली तर कापडासारखी घसरते. सर्जन म्हणतो, त्या जागेची गाठ काढल्यावर काही मुलांचं असं होतं, बोलणं जातं आणि परत येतं. ‘येईल ना?’ विचारलं, तर म्हणाला, ‘बहुतेक येतं. आधी एखादा शब्द, मग हळूहळू. काही आठवडे, कधी काही महिने.’ बहुतेक, म्हणाला. हा ‘बहुतेक’ मी तीन आठवडे छातीत घेऊन फिरतेय. तीन रविवार तू तिचा आवाज मागितलास आणि मी पुन्हा म्हटलं, झोपलीय. तोच शब्द. आधी ती बोलू शकत होती तेव्हा मी बोलू दिलं नाही, आणि आता तू मागतेस तर द्यायला आवाजच नाही. देवानं माझीच लबाडी माझ्या पदरात घातली, असं मला वाटतं. विवियाना म्हणते, असं काही नसतं, मावशी, हा मेंदू आहे, देव नाही. तिला बोलायला काय जातं.

तू तिकीट काढतेस म्हणालीस. तुझे तिथं राहायचे कागद व्हायला चार महिने उरलेत, आत्ता आलीस तर पुन्हा जाता येणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. यावंसं वाटत असेल तर ये, लेकीसाठी ये. पण पाप फेडायला म्हणून येऊ नकोस, कारण ते पाप तू केलेलंच नाहीस. तू गेली नसतीस, चोवीस तास तिला कडेवर घेऊन बसली असतीस, तरी ती गाठ वाढलीच असती. मी नाताळला बोलले ते खोटं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण माहीत नव्हतं म्हणून नाही बोलले मी. आवडत होतं म्हणून बोलले. मला मूलबाळ नाही, नुबे. दोन वर्षं ती माझ्या कुशीत झोपतेय. दुखणं जर तुझ्या आठवणीचं असेल, तर औषध सोपं होतं. तिनं तुला विसरायचं. आणि ती विसरली की कुणाची उरणार? जानेवारीत एकदा झोपेत तिनं मला ‘आई’ म्हटलं आणि मी तिला दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशी मी टोपी विणताना गाणं म्हणत होते, रोसानं विचारलंसुद्धा, ‘आज काय विशेष?’

आता ते सांगते जे शेवटी लिहीन म्हटलं होतं. त्या आठ रविवारी लुचोकडून परत आले की ती फाटकात उभी असायची आणि विचारायची, ‘आईनं फोन केला?’ आणि मी सांगायची, नाही. एकदाही आठवत नाही मी दुसरं काही सांगितल्याचं. सहाव्या की सातव्या रविवारी तिनं विचारलं, ‘ती माझं नाव विसरली का?’ मी म्हटलं, चल, जेवायला. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. सर्जन म्हणतो, न बोलण्याचा याच्याशी काही संबंध नाही, गाठीच्या जागेचा आहे, आणि एकदा दुखण्याचा नको तिथं संबंध जोडून मी काय करून ठेवलं ते मला पुरतं कळलंय, म्हणून मी मान डोलावते. काल दुपारी मी तिच्याशेजारी बसून तिला सगळं सांगितलं. आई दर रविवारी फोन करायची, मावशी खोटं बोलत होती. ती माझ्याकडे बघत होती. सगळं ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ऑपरेशन झाल्यापासून आपण होऊन, कुणी न सांगता, तिनं केलेली ती पहिली गोष्ट. विवियानाला सांगितलं तर ती आनंदानं नाचायची बाकी राहिली. ‘समजतंय तिला! सगळं समजतंय!’ मी मात्र चुलीपाशी जाऊन बसले. पण माझ्या सांगण्यावर ती पुन्हा का विश्वास ठेवील? माझ्या तोंडून दोन्ही ऐकलंय तिनं.

म्हणून हे पत्र. हे तुझ्या हातात शनिवारी पडेल. रविवारी इथल्या अकराला, तुझ्या पाच वाजता, लुचोच्या दुकानात फोन कर. मी तिला पाठीला बांधून घेऊन येईन. लुचोला सांगून ठेवलंय, तो आपल्या मागं कुणाचा नंबर लावणार नाही. ती एक शब्द बोलणार नाही, तुला नुसता श्वास ऐकू येईल. तू थांबू नकोस. ‘हॅलो, हॅलो’ करत बसू नकोस, बोलत राहा. त्या म्हातारीच्या गमती सांग, तुझ्या खिडकीतून काय दिसतं ते सांग, तिचं नाव घे, पुन्हा पुन्हा घे. आणि त्या आठ रविवारांचं सांग. माझं नाव घेऊन सांग, मला सांभाळून घेऊ नकोस. रिसीव्हर मी तिच्या कानाला धरीन, माझ्या नाही, तू काय बोललीस ते मी विचारणार नाही. आणि ती रडायला लागली तर घाबरून फोन ठेवू नकोस. रडू दे तिला. आता रडल्यानं तिचं डोकं दुखत नाही.

तुझीच,
लिओनोर ताई